दोन सारख्या ओळी

टेबल उघडत नाही, असा फोन आला
तेव्हा मी लिएपायात होतो, बूट वाळत घातलेले.
"उघडत नाही म्हणजे?"
"म्हणजे उघडतं, पांढरं पडतं, आणि मग
नुसतं माझ्याकडे बघत बसतं," विझ्मा म्हणाली.

म्हणून कुर्झेमेच्या किनाऱ्यावर, पाइनच्या रानात,
पक्ष्यांच्या पायांत वाळे घालणाऱ्यांच्या लाकडी खोलीत
मी आलो. बाहेर ताणलेली जाळी,
खुंट्यांना कापडी पिशव्या,
त्यांतली एखादी मधूनच हलायची.

एकेचाळीस लाख ओळी.
विझ्मा दर वेळी सगळ्याच मागायची
आणि संगणक बिचारा नाही म्हणायला शिकलेला नव्हता,
आणत राहायचा, छाती फुटेस्तोवर.
हजारच माग, म्हटलं. लागतील तशा पुढच्या.
"आणि बाकीचे पक्षी?"
आहेत. फक्त दारात गर्दी करणार नाहीत.

इथवर सोपं होतं.
मग एक आकडा बदलायला गेलो
तर नुसतं चक्र फिरत राहिलं.
कुणीतरी आतून कुलूप लावून बसलं होतं.
कोण? इल्गवार्स. पलीकडच्या खोलीत
सकाळी एका वटवट्याचं वजन दुरुस्त करत होता,
तेवढ्यात जाळ्यात घुबड अडकलं,
आणि तो अर्धा आकडा तसाच सोडून धावला.
मी त्याच्या गार चहापाशी बसून
तो अर्धा आकडा मागे घेतला.
कुलूप निघालं.

तरी पहिले पाढे पंचावन्न.
बदल होईना, पुसताही येईना.
टेबल मांडणाऱ्यानं किल्लीच नेमली नव्हती.
ओळी होत्या, ओळख नव्हती.

"वाळ्यावर नंबर असतो की प्रत्येकाच्या!"
विझ्मा चिडलीच.
असतो, पण तो पक्ष्याचा.
पक्षी पुन्हा सापडतो, पुन्हा लिहिला जातो.
ओळीच्या पायात काय आहे?

आणि तिला नेमकी एक ओळ काढायची होती.
सोनेरी तुऱ्याचा, अंगठ्याएवढा जीव:
नऊ ऑक्टोबर, सत्त्याऐंशी,
वजन पाच पूर्णांक चार, पंख त्रेपन्न.
आणि खाली पुन्हा तेच. दशांशचिन्हासकट.
"कुणीतरी दोनदा टंकलंय. एक काढ."
काढायला गेलो तर म्हणे,
हा बदल दोन ओळींना लागू होईल.
एक ठेव म्हणायची सोयच नाही,
कारण कुठली एक?

मग टेबलाची एक प्रत बाजूला ठेवली,
आणि रात्रभर प्रत्येक ओळीला
एकेक क्रमांक चढवत गेलो.
मी कसला, यंत्रच. मी राईच्या पावाला
लोणी लावत बसलो, समुद्र ऐकत,
आणि वीज जाऊ नये एवढंच म्हणत.

उजाडता दोघी वेगळ्या झाल्या होत्या.
तिसऱ्या लाखातल्या, लागोपाठच्या.
एकीवर कर्सर, माझं बोट पुसायच्या बटणावर,
आणि विझ्मा म्हणाली, थांब.

कपाटातून तिनं वही आणली,
धुरावलेल्या माशाचा वास येणारी.
नऊ ऑक्टोबर. एका पानावर तिचं अक्षर.
पान उलटलं. तोच वाळा, तेच वजन,
पण शाई निळी, आणि चारचं पोट उघडं.
"ही आउस्ट्रा," ती म्हणाली. "संध्याकाळची पाळी तिची."

म्हणजे सकाळी सुटलेला तो दिवसभर कुठेकुठे फिरला,
खाल्लं तेवढं खर्चून पुन्हा त्याच जाळ्यात आला,
ग्रॅमचा दहावा हिस्साही इकडेतिकडे न होता.
वेळ लिहायला तेव्हा रकानाच नव्हता.

मी बोट उचललं.
"दोन्ही राहू देत. आणि वेळेचा रकाना वाढव.
जुन्यांना रिकामा ठेव. अंदाज नको."

वाढवला. तेवढ्यात इल्गवार्स आत आला,
केसांत पाइनची पानं, हातात हलती पिशवी.
किती वाजले, त्यानं विचारलं.

आम्ही तिघांनी तीन घड्याळांत बघितलं.
भिंतीवरचं अजून हिवाळ्याच्या वेळेवर होतं.